मदत हवी आहे: १६८८ च्या कालपटात तारखा उलट्या पडताहेत

कालपट: इंग्लंडमधल्या १६८८ च्या राज्यक्रांतीचा कालपट करते आहे. डच तारखेप्रमाणे ऑरेंजचा विल्यम (पुढे इंग्लंडचा राजा झाला तो) ११ नोव्हेंबरला हेलेव्हूटस्लाउस या डच बंदरातून निघाला, इंग्लिश तारखेप्रमाणे ५ नोव्हेंबरला इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉरबेला उतरला. म्हणजे निघण्याआधीच पोचला! शिवाय हक्कांची घोषणा त्याच्यापुढे वाचली गेली ती कुठे १३ फेब्रुवारी १६८८ ला, कुठे १६८९ ला. कोणती तारीख धरू?

जुनी दप्तरं: दोन्ही बरोबर आहेत, पंचांगं वेगळी आहेत. पोप तेरावा ग्रेगरी याच्या १५८२ च्या सुधारणेनं (तेच नवं, ग्रेगोरियन पंचांग) स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि बराचसा इटली इथे ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. हॉलंडनंही लवकरच ती स्वीकारली. प्रोटेस्टंट इंग्लंडनं मात्र १७५२ पर्यंत जुनं, जुलियन पंचांग सोडलं नाही. खगोलशास्त्राचा हिशोब पटूनही पोपचा हुकूम म्हणून विरोध झाला. मिश्र वस्तीच्या आउग्सबुर्गमध्ये तर १५८४ मध्ये यावरून दंगा पेटला.

रूपांतर करताना आधी कागद कुठे लिहिला गेला ते पाहा. जुलियन तारखेत १५८२ ते फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस मिळवा, त्यानंतर १८०० च्या फेब्रुवारीपर्यंत ११, कारण १७०० हे जुलियन गणतीत लीप वर्ष होतं, ग्रेगोरियनमध्ये नव्हतं. इथेच बहुतेकांचा एक दिवस चुकतो. टॉरबेची ५ नोव्हेंबर म्हणजे नवी १५, निघाल्यापासून चौथा दिवस. पडताळा वारानं घ्या: सुधारणेत वारांचा क्रम तुटला नाही, त्यामुळे दोन्ही पद्धतींत तो सोमवारच येतो.

वर्षाचा घोळ वेगळा आहे. इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या कागदांवर आपल्या हिशोबानं एक वर्ष कमी दिसतं. तुमची तारीख १३ फेब्रुवारी १६८८/८९ अशी लिहा. स्कॉटलंडला हा नियम लावू नका, तिथे १६०० पासून वर्ष १ जानेवारीलाच सुरू होई.

कालपट: मग सगळ्या तारखा नव्या करून टाकू का?

जुनी दप्तरं: क्रम लावायला करा, पण मूळ तारीख शेजारी ठेवा. नाहीतर पुढचा वाचक त्यात पुन्हा १० मिळवेल.

तिथीवाला: आपल्याकडेही हेच लागू. सुरतेचे इंग्रज जुलियन तारखा घालत, गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन. शिवराज्याभिषेकाची रूढ ६ जून १६७४ ही जुलियन आहे, ग्रेगोरियन १६ जून. गोव्याच्या पत्रांशी ताडताना हे आधी बघा. आणि इंग्रजी वखारीच्या जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांचं साल तर दोनदा तपासा.