शब्दचर्चा: 'फाम फाताल'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मंडळी, जरा मदत हवी आहे. एका दिवाळी अंकासाठी न्वार थरारपटांवर, म्हणजे हॉलिवूडच्या काळोख्या वळणाच्या गुन्हेपटांवर, लेख दिला होता. विषय तसा जुनाच: पुरुषाला नादी लावून त्याच्या हातून खून पाडून घेणारी बाई, आणि १९८०नंतर तिच्यात झालेला बदल. लेखात जागोजागी या बाईला 'फाम फाताल' लिहिलं होतं. मुद्रितं तपासायला आली तर सगळीकडे 'विषकन्या'! संपादकांचं म्हणणं, मराठी वाचकाला फ्रेंच कशाला?

मला विषकन्या खटकतेय, पण तिच्या जागी काय द्यावं ते सुचत नाहीये. 'मायाविनी', 'मोहिनी', 'घातक सौंदर्यवती' हे पाहून झालं. शेवटचा शब्द तर साबणाच्या जाहिरातीतला वाटतो.

प्रतिसाद

विषकन्येत वाईट काय आहे? दिसायला देखणी, जवळ जाईल तो मेला. हेच तर हवंय ना? अगदीच नको असेल तर 'मदालसा' करा. नाहीतर सरळ 'व्हॅम्प'.

प्रतिसाद

मदालसा नको हो! मार्कंडेय पुराणातली मदालसा म्हणजे पाळण्यातल्या पोरांना वेदान्त ऐकवणारी आई. नावातला 'मद' आणि 'आळस' ऐकून पेपरवाल्यांनी तिला परस्पर शय्येवर लोळवलं, त्याला ती बिचारी काय करणार?

व्हॅम्पही नको. आपल्या हिंदी सिनेमातली व्हॅम्प क्लबात नाचते, व्हिलनच्या शेजारी बसते आणि तिच्यासमोर साडीतली सज्जन नायिका असते. फाम फातालच्या समोर दुसरी कोणी नसते, नायिका तीच. ही बया धोक्याची आहे हे नायकाला कळेपर्यंत मधला सगळा सिनेमा होऊन जातो.

आता विषकन्या. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात नंदांचा अमात्य राक्षस तिला चंद्रगुप्ताला मारायला पाठवतो आणि चाणक्य तिला मधल्यामध्ये चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याच्याकडे वळवतो. मरतो पर्वतक. या सगळ्यात तिला कोणी काही विचारलं? डाव राक्षसाचा, उलटा डाव चाणक्याचा. मोहिनीचीही तीच गत, ती तर साक्षात विष्णू! बाईचा स्वतःचा बेत या दोन्ही शब्दांत कुठेच नाही, आणि न्वारमधली बाई म्हणजे आधी बेत, मग रूप.

(पुढे शेवट फोडलेले आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी इथूनच परत फिरावं.)

१९४४चा 'डबल इन्डेम्निटी' घ्या. बार्बरा स्टॅनविक जिना उतरून येते, कॅमेरा तिच्या घोट्यावरच्या साखळीवर थांबतो, आणि विमा विकायला आलेला नेफ तिथेच गारद. पुढे नवऱ्याचा अपघात विमा, खून, सगळं रीतसर. पण ही गोष्ट आपल्याला सांगतो कोण? नेफ. गोळी लागलेल्या अवस्थेत, रात्री ऑफिसातल्या डिक्टाफोनपुढे बसून. म्हणजे 'फाताल' हे बुडालेल्याने ठेवलेलं नाव आहे, आणि त्याने आपल्या वाटणीचं पाप त्यात हळूच ढकलून दिलंय. शेवटी ती मरते. मरायलाच हवं होतं, कारण गुन्हेगाराला फळं भोगताना दाखवलंच पाहिजे हा तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेचा दंडक होता. १९६८ साली ती संहिता गेली.

मग १९८१ साली 'बॉडी हीट' आला. फ्लोरिडातला उकाडा, घामाने भिजलेले शर्ट, कॅथलीन टर्नरचा पहिलाच सिनेमा. वकील नेडला वाटतं, श्रीमंत नवऱ्याला उडवायची कल्पना आपली. पण तिने नेडला निवडलं ते त्याचं रूप बघून नाही. एका मृत्युपत्राच्या कामात त्याने पूर्वी माती खाल्ली होती, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याचं खोटं मृत्युपत्र त्याच्या नावावर खपवायचं, त्यात एक तांत्रिक चूक मुद्दाम ठेवायची. कोर्ट ते रद्द ठरवणार, माणूस मृत्युपत्राविना मेला असं धरलं जाणार, आणि भाचीचा हिस्सा जाऊन सगळी इस्टेट बायकोला. अशी चूक नेडच्या हातून झाली यावर कोणालाही विश्वास बसावा, एवढंच त्याचं भांडवल! तो तुरुंगात जातो. ती दूर कुठल्याशा समुद्रकिनारी ऊन खात पडलेली.

आता शब्दाकडे. 'फाताल'च्या मुळाशी लॅटिन 'फातुम' आहे, म्हणजे विधिलिखित. 'प्राणघातक' हा अर्थ त्यावर मागून चढला. फ्रेंचमधली परी, 'फे', तीही याच घराण्यातली: बाळाच्या जन्मावेळी येऊन त्याचं नशीब ठरवणारी. आपल्याकडे हे काम कोण करतं? सटवाई! बाळाच्या जन्मानंतर पूजेला पाट मांडायचा, त्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री दिवा विझू द्यायचा नाही. ती येणार आणि कपाळावर लिहून जाणार. ती 'षष्ठी'वरून आलेली. आणि तिच्याच नावाची 'सटवी' आपण बायकांना शिवी म्हणून वापरतो. नशीब लिहिणारी देवी आणि घर बुडवणारी बाई एकाच शब्दात! 'फाम फाताल'ला याहून सख्खी बहीण मला तरी दिसत नाही.

२०१४च्या 'गॉन गर्ल'मधली एमी आठवा. नवरा आपल्या जिवावर उठलाय अशा नोंदींची खोटी डायरी ती वेगवेगळ्या पेनांनी लिहिते, म्हणजे ती अनेक वर्षांत लिहिलेली वाटावी. नवऱ्याचं पुढचं सगळं त्या वहीत. ही सटवाई नाही तर कोण?

प्रतिसाद

व्युत्पत्ती झकास, पण व्यवहारात चालायची नाही. 'सटवी' म्हटलं की मला चाळीतल्या नळावरचं भांडण ऐकू येतं. "मेली सटवी, माझी बादली सरकवली!" तिथून फ्लोरिडाला कसं जायचं? शिवाय हा शब्द बहुतेक वेळा बाईच बाईला घालते. न्वारमध्ये नाव ठेवणारा पुरुष असतो, हे तुम्हीच वर लिहिलंय.

दुसरं, प्रत्येकीचा बेत आधी ठरलेला असतो असंही नाही. 'अंधाधुन'मधली तब्बू बघा. गोष्ट आपल्या पुण्यातच घडते. सिमीने ठरवून काहीच केलेलं नाही. नवरा अवचित घरी आला, मेला, तेवढ्यात आंधळा पियानोवाला दारात. तो वाजवतोय आणि ही त्याच्या पाठीमागे मुकाट्याने फरशी पुसतेय. पुढे शेजारची म्हातारी बोलेल असं वाटलं, तिला वरून ढकलली. एक झाकायला दुसरं. ही कोणाचं नशीब लिहीत नाहीये, खाडाखोड करतेय! तरी ती फाम फाताल आहेच.

माझं मत 'आतल्या गाठीची'. बोलीतलं आहे, शिवी नाही, आणि मनाचा थांग लागू न देणं हेच या बायकांचं खरं हत्यार. 'पाताळयंत्री'ही चांगला, पण तो राजकारण्यांनी वापरून झिजवलाय.

प्रतिसाद

आतल्या गाठीची तर माझी आत्याही आहे. तिने आजवर कोणाचा खून केल्याचं ऐकिवात नाही. भुरळ कुठे गेली?

प्रतिसाद

भुरळ पाहिजे तर 'जीवघेणी'. फाताल म्हणजे जीव घेणारीच. पण 'जीवघेणी अदा' म्हणून म्हणून आपण त्यातला जीव घालवलाय, आता ते नुसतं कौतुक उरलं. 'कातिल'चंही तेच.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. विषकन्या कापायला मला मुद्राराक्षसाचा मुद्दा पुरे आहे. संपादकांना तोच कळवतो. 'फाम फाताल' तसाच ठेवतो. 'फिल्म न्वार' हा शब्द १९४६ साली नीनो फ्रांक या समीक्षकाने हॉलिवूडच्याच सिनेमांना लावला, आणि इंग्रजीवाल्यांनी तो भाषांतर न करता उचलला. मग आपणच का लाजायचं? पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'आतल्या गाठीची, जीवघेणी बाई' एवढा खुलासा देतो. सटवाईचा परिच्छेद मात्र तुमची परवानगी असेल तर लेखात घेतो, 'बॉडी हीट'नंतर. एकच शंका राहिली: अनेकवचन काय करू? 'फाम फाताला'?

प्रतिसाद

परवानगी कसली, खुशाल घ्या. पण खाली 'सटवी'वरचा आक्षेपही द्या, तो खरा आहे. अनेकवचनाला शब्द बदलू नका, क्रियापदावर सोपवा: 'या फाम फाताल पकडल्या जात नाहीत'. सामान्यरूप 'फाम फातालचा', 'फाम फातालने'. 'फातालेचा' केलंत तर वाचक तिला गावाचं नाव समजेल. आणि मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो 'पाताळ' करून मोकळा होईल.