नवीन राऊटर लावला, वायफाय दिसतंय पण नेट येत नाही

निवांत_गडी
मंडळी जरा मदत करा. घरी फायबर आहे, कंपनीने दिलेला डबा हॉलच्या कोपऱ्यात आणि आतल्या खोलीत रेंजच पोचत नाही, म्हणून वेगळा राऊटर आणला. डब्याच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडायचं भोक) वायर काढून नव्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक) लावली, मोबाईलवर नाव दिसतं, पासवर्ड घेतो, कनेक्टही होतो पण खाली 'इंटरनेट नाही'. सेटिंगसाठी १९२.१६८.१.१ टाकलं तर जुन्या वायफायवर असलो की जुन्या डब्याचं पान उघडतं आणि नव्यावर असलो की नव्याचं, पत्ता मात्र तोच! टाचणी खुपसून रीसेट पण करून बघितलं, काही फरक नाही.

वायरमन
नव्यात कनेक्शन टाइप काय ठेवलाय? डब्याचं स्वतःचं वायफाय चालतंय म्हणजे लॉगिन तोच करतोय, तेव्हा नव्यात पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम पासवर्ड टाकत बसू नका. डायनॅमिक आयपी ठेवा, म्हणजे नवा राऊटर आपला पत्ता डब्याकडून आपोआप घेतो.

आयपी_मावशी
वायरमन म्हणतायत ते बघाच, पण खरं दुखणं तुम्ही स्वतःच लिहिलंय, पत्ता तोच! दोघंही स्वतःला १९२.१६८.१.१ समजतायत, मग नव्या राऊटरला बाहेर जायचा रस्ता विचारला की तो स्वतःकडेच बोट दाखवतो. काही राऊटर हे ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, तुमचा बदलत नसावा.

आता तुम्हाला नुसती रेंज वाढवायचीय ना, मग त्याला राऊटर म्हणून चालवूच नका. मेनूत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (नुसतं वायफाय पसरवायचं, बाकी काम डबाच करतो) असेल तर तो निवडा, विषय संपला. नसेल तर मधली वायर काढा, मोबाईल फक्त नव्याच्या वायफायला जोडा, लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा, डीएचसीपी (मोबाईल-टीव्हीला आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, सेव्ह करा. मग वायर वॅनला नाही, लॅन पोर्टला लावायची, इथेच बरेच जण अडकतात. आणि हो, डब्याच्या पानावर डीएचसीपीची रेंज बघा, ती २५४ पर्यंत असेल तर २४० वर आणून ठेवा नाहीतर तोच २५० नंबर उद्या कुणाच्या तरी टीव्हीला मिळेल. सेव्ह केल्यावर जुन्या पत्त्यावर पान उघडणार नाही, घाबरून परत रीसेट मारू नका 😄

चहाबाज
एवढा खटाटोप कशाला, रिपीटर (आहे तोच सिग्नल पुढे फेकणारा) लावायचा ना भिंतीत, वायरच नको.

आयपी_मावशी
@चहाबाज चालतो की, पण साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर बोलतो त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. वायर आधीच ओढलेली असताना ती सोडून हवेतून कशाला न्यायचं?

अँटेना_सरळ_करा
वायरीवरून आठवलं, आतल्या आठही तारा जोडलेल्या आहेत ना ते बघा. चारच असतील तर १०० एमबीपीएसच्या वर जाणार नाही, मग लोक राऊटरला शिव्या देतात. दोन्हीकडे नाव पासवर्ड एकच ठेवा म्हणजे मोबाईल आपला आपण इकडून तिकडे जातो (थोडा चिकटून बसतो, पण जातो). चॅनल मात्र वेगळे, २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये १, ६, ११ यातलेच, बाकीचे एकमेकांवर चढतात. लोखंडी कपाटावर किंवा मोठ्या आरशामागे ठेवू नका. अँटेना उभ्या ठेवा, उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, टोक खोलीकडे रोखून उपयोग नाही. सिक्युरिटी (वायफायचं कुलूप) डब्ल्यूपीए२ किंवा ३, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड अ‍ॅडमिनच असेल तर आधी तो बदला.

निवांत_गडी
आलं आलं! अ‍ॅक्सेस पॉइंट मोड मेनूत सापडला नाही म्हणून मावशींनी सांगितलं तसं हातानेच केलं, वायर लॅनला लावली आणि आतल्या खोलीत व्हिडिओ न अडकता चालला. आता एकच, तिथला स्मार्ट प्लग नव्याला जोडायला घेतला तर ॲप नुसतं गोल गोल फिरतंय.

वायरमन
बहुतेक असे प्लग फक्त २.४ वाले असतात. दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलं असेल तर मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर बसतो आणि काही ॲप तिथेच गोंधळतात. प्लग जोडेपर्यंत ५ बंद करा, जोडून झाला की परत चालू. आणि त्या प्लगला डब्ल्यूपीए३ झेपत नसेल, २ किंवा २/३ मिक्स ठेवून बघा.