वसाहतकाळातील उत्तर आफ्रिका : अरब आणि बर्बर यांचे रोजचे जगणे खरोखर वेगळे होते का?

सावकाश वाचक (प्रश्न)

उत्तर आफ्रिकेतील फ्रेंच राजवटीविषयी जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात १८३० ची अल्जीयर्सवरील स्वारी येते, अमीर अब्द अल-कादिर यांचा लढा येतो आणि तेथून लेखक थेट १९५४ च्या अल्जीरियन स्वातंत्र्ययुद्धावर उडी घेतो. मधल्या काळात सामान्य माणूस कसल्या घरात राहत होता, बाजार कोठे करत होता, भांडण झाले तर कोणाच्या दारी जात होता, याचा पत्ता लागत नाही. शिवाय 'अरब आणि बर्बर' अशी जोडी एका दमात उच्चारली जाते आणि पुढच्याच पानावर ते एकमेकांशी संबंध नसलेले दोन समाज असल्यासारखे वर्णन येते. हा भेद त्या माणसांना रोजच्या व्यवहारात जाणवत होता, की तो राज्यकर्त्यांच्या दप्तरातच अधिक होता? जाणकारांनी शक्यतो ठोस उदाहरणे देऊन लिहावे.

डोंगरकडा

भेद होता, परंतु तो प्रामुख्याने भाषेचा आणि भूगोलाचा होता. वंशाचा म्हणावा, तर आज अरबी बोलणाऱ्या कितीतरी टोळ्यांचे पूर्वज बर्बरच होते. 'बर्बर' हा शब्दही बाहेरच्यांनी दिलेला आहे. ही माणसे आज स्वतःला अमाझिग म्हणवतात, आणि त्या काळी विचारले असते तर त्यांनी बहुधा आपल्या गावाचे किंवा टोळीचेच नाव सांगितले असते.

काबिलियाचे उदाहरण घेऊ. अल्जीयर्सच्या पूर्वेकडील या बर्बरभाषक डोंगराळ प्रदेशात गावे कड्याच्या माथ्यावर दाटीने वसलेली असत. घर बहुधा एका खोलीचे. तिचा सखल भाग गुरांसाठी आणि उंच भाग माणसांसाठी. मधल्या बुटक्या भिंतीवर धान्याच्या आणि सुक्या अंजिरांच्या मातीच्या मोठ्या कणग्या ठेवलेल्या असत, त्यांना 'अकूफी' म्हणत. भिंतीशी हातमाग उभा असे आणि विणकाम हे बायकांचे काम होते. उतारावर ऑलिव्ह आणि अंजीर, थोडेसे जव, एवढ्यावर भागत नसल्याने पुरुष फेरीवाले होऊन सपाटीवर उतरत आणि तेथे व्यवहारापुरती अरबी शिकत. याउलट उंच पठारावरील अरबीभाषक पशुपालक केसांच्या कापडाचे तंबू घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरत. शहरातील जुन्या वस्तीतले घर बाहेरून आंधळ्या भिंतीचे आणि आत चौकाभोवती उघडणारे असे. या तिन्ही ठिकाणचे जगणे वेगळे होते, हे खरेच. मात्र 'अरब' आणि 'बर्बर' या दोन खणांत ते नीट बसत नाही. काबिली गावात धार्मिक मान असलेली मराबूत घराणी बहुधा अरब मूळ सांगत आणि घरात काबिली बोलत, एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

फ्रेंचांना मात्र खण हवे होते. काबिली माणूस शेतकरी, कष्टाळू, धर्माच्या बाबतीत सैल आणि म्हणून युरोपीयांच्या जवळचा. अरब भटका, आळशी आणि कट्टर, अशी समजूत त्यांच्या अधिकाऱ्यांनी पसरवली. गावसभेला काबिली लोक 'तजमाअत' म्हणत. पाणी, वाटा, दंड, पाहुण्याचा मान यांचे नियम ती ठरवी, आणि गरज पडली तर बदलीही. अनोतो या लष्करी अधिकाऱ्याने आणि लतूर्नो या न्यायाधीशाने हे नियम गोळा करून १८७२-७३ मध्ये तीन खंडांत छापले. १८७४ च्या हुकुमाने काबिलियातील दिवाणी वाद फ्रेंच न्यायाधीशांकडे गेल्यावर तेच खंड जणू कायद्याचे पुस्तक झाले, आणि सभेत बदलता येणारी रूढी कागदावर थिजली. या रूढीत स्त्रियांना वारसाहक्क नव्हता, हे विसरून काबिली गावाला लोकशाहीचा आदर्श ठरवणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

दप्तरखाना

वरील प्रतिसाद चांगला आहे, तरी त्यात राज्यकर्त्यांच्या समजुतींना थोडे अधिक वजन मिळाले आहे. काबिली माणसाचे कागदावर कितीही कौतुक झाले, तरी त्याच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही. १८७१ चा उठाव मोक्रानी या मेजानाच्या सरदाराने सुरू केला आणि रहमानिया या सूफी पंथाचे वृद्ध शेख अल-हद्दाद त्यात उतरल्यावर काबिलिया पेटला. पुढे ३ कोटी ६० लाख फ्रँकचा दंड बसला, सुमारे साडेचार लाख हेक्टर जमिनीवर टाच आली आणि पुढारी न्यू कॅलेडोनियाला हद्दपार झाले. ज्यांच्या बापाच्या मालकीचे शेत होते, ती मुले वसाहतवाल्यांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागली.

अरबीभाषक मुलखात हेच काम कायद्याने संथपणे झाले. टोळीची जमीन सामाईक असे. १८६३ च्या ठरावाने टोळ्यांचे 'दुआर' नावाचे तुकडे पाडले आणि १८७३ च्या वार्निए कायद्याने एखाद्या सहहिस्सेदाराचा बारीकसा हिस्सा विकत घेणाऱ्यालाही वाटणी मागता येऊ लागली. वाटणी शक्य नसेल तर लिलाव ठरे, त्याचा खर्च कधी जमिनीच्या किमतीवर जाई आणि सगळे कुटुंब बेघर होई. मग उरे खम्मासाचे जिणे : बैल, बी आणि जमीन दुसऱ्याची, श्रम आपले आणि वाटा पिकाचा पाचवा. 'खम्मास' हा शब्दच पाच या अंकावरून आला आहे. ही प्रथा फ्रेंचांच्या आधीपासून होती. नव्या व्यवस्थेत तिच्यात ढकलली जाणारी माणसे वाढली.

सरकारशी गाठ पडण्याचे प्रसंग तर दोघांना सारखेच होते. १८६५ पासून मुस्लिम हा फ्रान्सचा प्रजाजन होता, नागरिक नव्हे. नागरिकत्व हवे असेल तर विवाह आणि वारसा यांबाबतचा मुस्लिम कायदा सोडावा लागे, आणि फार थोड्यांनी तो सोडला. १८८१ च्या 'एंदिजेना' कायद्याने प्रशासकाला न्यायालयाविना पाच दिवसांची कैद आणि पंधरा फ्रँक दंड करता येई. परवान्याशिवाय गाव सोडणे, कर उशिरा भरणे, अधिकाऱ्याशी उद्धट बोलणे, हे सारे गुन्हे होते. कराचेही तसेच : पिकावर 'अशूर', जनावरांवर 'जकात', काबिलियात 'लेझ्मा' अशी जुनी नावे १९१८ पर्यंत टिकली, फक्त तिजोरी बदलली.

माझ्या मते सर्वांत खोल घाव नावावर झाला. अमुक बिन तमुक, त्याच्या बापाचा बाप अमुक, अशी नावाची साखळी असलेल्या लोकांना १८८२ च्या कायद्याने आडनाव घ्यायला लावले. कारकुनाने ऐकले तसे लिहिले. सख्ख्या चुलतभावांची आडनावे वेगळी झाली, तर काही काबिली गावांत एका गावाची सगळी आडनावे एकाच अक्षराने सुरू करण्यात आली. ज्यांना आडनाव मिळालेच नाही, त्यांच्या कागदावर 'आडनाव नाही' या अर्थाची तीन फ्रेंच अक्षरे लिहिली गेली.

सावकाश वाचक

दोघांचेही आभार. आडनावांची हकीकत मला पूर्णपणे नवी आहे. ही सर्व उदाहरणे अल्जीरियाची आहेत. मोरोक्कोत तर सुलतान गादीवर राहिला होता, मग तेथे चित्र निराळे होते काय?

बंदरकाठ

बरेच निराळे होते. १९१२ च्या फेज करारानंतर तेथे संरक्षित राज्य आले आणि पहिले रेसिडेंट जनरल, म्हणजे फ्रान्सचे तेथील सर्वोच्च अधिकारी, लियोते यांनी जुनी शहरे तशीच ठेवून शेजारी युरोपीयांची नवी शहरे उभारण्याचे धोरण घेतले. ऐकायला ते सौम्य वाटते. प्रत्यक्षात गावाकडून येणाऱ्या मजुराला ना जुन्या भिंतीत जागा उरली, ना नव्या रस्त्यांवर, आणि कासाब्लांकाच्या कडेला पत्र्याच्या झोपड्या वाढत गेल्या.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला १६ मे १९३० च्या 'बर्बर दहीर'मध्ये सापडते. या फर्मानाने बर्बर टोळ्यांना शरियत न्यायालयातून वगळून रूढीच्या न्यायालयांकडे आणि फौजदारी बाबतीत फ्रेंच न्यायालयांकडे सोपवले. तेव्हा सले शहरातील मशिदीत 'या लतीफ' ही संकटकाळी म्हटली जाणारी प्रार्थना सुरू झाली आणि तिच्यात 'आम्हाला आमच्या बर्बर बांधवांपासून तोडू नकोस' अशी जोड देण्यात आली. ती शहराशहरांत पसरली, आणि १९३४ मध्ये फौजदारी कलम मागे घ्यावे लागले. ज्या भेदावर राज्य टिकवायचे होते, त्यानेच दोघांना एका प्रार्थनेत उभे केले.

बाकी दिवस मात्र आठवडी बाजाराभोवती फिरत असे. बाजार ज्या वारी भरे त्याच वाराने ठिकाण ओळखले जाई : बुधवारचा तो सूक अल-अर्बा, गुरुवारचा तो सूक अल-खमीस. तेथे अरबीभाषक आणि बर्बरभाषक दोघेही जनावरे विकत, न्हाव्यापुढे बसत, लेखनिकाकडून अर्ज लिहून घेत आणि काइदाच्या, म्हणजे टोळीवरील सरकारी अधिकाऱ्याच्या, माणसांची नजर चुकवत. हिरवा चहाही दोघांचाच. तो खेड्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः क्रिमियन युद्धाच्या काळात, जेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी बाल्टिकमध्ये न खपलेला माल टँजियर आणि मोगादोरच्या बंदरांत आणला. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेने येई, लहान हातोडीने फोडली जाई, आणि लग्नाला जाताना हातात तीच ढेप असे. १९२९ मध्ये कासाब्लांकात साखरेचा कारखाना निघाला, तेव्हा कच्ची साखर बाहेरून येत असली तरी ढेप त्याच आकाराची ठेवावी लागली.

डोंगरकडा

दप्तरखाना यांचा आक्षेप मान्य आहे. फक्त एक भर घालतो : म्झाबचे इबादी (सुन्नी आणि शिया यांहून वेगळ्या मुस्लिम पंथाचे) बर्बर विसरू नयेत. सहाराच्या काठावरील घारदाया आणि आसपासच्या गावांतले पुरुष अल्जीयर्सला येऊन किराणा, खाटीकखाने आणि हमामखाने चालवत. त्यांच्या बायकांना म्झाब सोडण्याची रूढीने मनाई होती, त्यामुळे तो पुरुष वर्षानुवर्षे दुकानातच झोपे आणि दिवसभर अरबीत हिशेब सांगे. त्याचे गिऱ्हाईक त्याला अरब किंवा बर्बर असे काहीच म्हणत नसे. 'म्झाबी' म्हटले की दुकान कोणते, हे गल्लीत सर्वांना समजे.