मदत हवी आहे: पावसाळ्यात किमान उत्पन्नाची हमी द्यायची आहे, रक्कम आणि यादी कशी ठरवावी?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड गावात राहते. बचत गटांची सीआरपी म्हणजे गावातली कार्यकर्ती आहे, अकरा गटांच्या वह्या माझ्याकडे असतात. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून उत्तर द्यावं ही विनंती, कारण जूनच्या आत ठरवायचं आहे.

आमच्या गावची पुण्याला स्थायिक झालेली पोरं मिळून एक मंडळ चालवतात. या वर्षी वेशीला कमान बांधायची म्हणून त्यांनी पैसे जमवले होते. ग्रामसभेत बायकांनी विषय काढला की कमान नंतर बांधू, आधी ज्या घरांत आषाढात चूल पेटायची पंचाईत होते त्यांचं बघा. पोरांनी मोठ्या मनाने मान्य केलं. दोन वर्षं, दरवर्षी ६ लाख रुपये द्यायला ते तयार आहेत. अट एकच: कोणाला भीक दिल्यासारखं वाटू नये, "एवढे पैसे एवढ्या तारखेला येणारच" अशी हमी असावी. ते कसं बसवायचं हे माझ्यावर सोडलंय.

किमान म्हणजे किती, इथूनच सुरुवात केली. पुस्तकी आकडे पाहिले. रंगराजन समितीने ग्रामीण भागासाठी माणशी महिना ९७२ रुपये ही रेषा धरली होती, पण तो २०११-१२ चा भाव. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत खेड्यातला सरासरी खर्च माणशी ४,१२२ रुपये निघाला, पण सरासरी म्हणजे किमान नव्हे. मग मी सरळ पाच जणींना घेऊन देवळाच्या ओट्यावर बसले आणि गटाच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर पाच माणसांच्या घराचा महिना मांडला. धान्य रेशनचं फुकट मिळतं, ते सोडून दिलं. तेल, डाळ, चहा-साखर, तिखट-मीठ, साबण, दोन महिन्यांत एक गॅसची टाकी, लाइटबिल, पोरांच्या वह्या आणि गाडीभाडं. बेरीज करून रेघ ओढणार तेवढ्यात एका म्हातारीने माझा हात धरला. "गोळ्या लिही की गं. गोळ्यांशिवाय कुणाचं घर चालतंय?" कोणालाच आठवलं नव्हतं. बीपी, शुगर, गुडघे, सगळं धरून बेरीज ७,४०० वर गेली.

आता जमेची बाजू. पावसाळ्यात खुरपणी महिन्यातून सहा-सात दिवस, तीनशे रोजाने. गड्याला चार दिवस, चारशेने. दोघांचे मिळून साडेतीन हजार. लाडक्या बहिणीचे दीड हजार. झाले पाच. म्हणजे महिन्याला २,४०० चा खड्डा, आणि जून ते सप्टेंबर चार महिने धरले तर जवळपास दहा हजारांचा.

हा दहाचा आकडा पाहून मी तिथेच थांबले. कारण आमच्याकडे मुकादम, म्हणजे ऊसतोडीची माणसं जमवणारा ठेकेदार, जेष्ठात जी पहिली उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) देतो ती बहुतेक घरांत दहा-पंधरा हजारांचीच असते. किराणा आणि बियाण्यासाठी घेतलेली. त्या दहा हजारांवर कोयता बांधला जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग दसरा-दिवाळीनंतर कुठल्या कारखान्यावर, कुठल्या टोळीत, काय भावाने, यातलं काहीच त्यांच्या हातात राहत नाही. गरोदर बाई असो की दहावीची पोरगी असो, उचल घेतली म्हणजे जावंच लागतं. म्हणून मला असं वाटायला लागलंय की वर्षभर थोडे थोडे देण्यापेक्षा नेमक्या याच चार महिन्यांत दिले तर त्या पैशाची किंमत वेगळीच होईल.

यादी ३८ घरांची झाली आहे. २९ ऊसतोडीला जाणारी, ९ घरं एकट्या म्हाताऱ्यांची किंवा निराधार बायकांची, जी कुठेच जात नाहीत. सगळ्यांना सारखं वर्षभर वाटलं तर घरामागे महिना १,३०० च्या आसपास पडतात. चारच महिने दिले तर ३,९००. पण मग म्हाताऱ्यांचं उरलेले आठ महिने काय?

अडचणी अशा आहेत. ज्याचं जेवढं कमी पडतं तेवढंच भरून द्यायचं म्हटलं तर प्रत्येकाची कमाई मोजायची कोणी? मजुरीची पावती नसते. आणि मोजायला लागलो की लोक चार दिवसांचं काम लपवतील किंवा सोडतील. सरसकट द्यावं तर शेजारचा म्हणणार, माझं का नाही. दुसरी भीती अशी की खात्यात पैसे आले म्हणून एखादीचा संजय गांधी निराधारचा पगार बंद व्हायला नको. त्याला वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आमच्याकडे तोच आकडा विचारतात. एका मावशीचं अनुदान मागे सात महिने अडकलं होतं, कारण अंगठा मशिनला लागत नव्हता. आयुष्यभर कोयता धरून बोटांच्या रेषाच गेल्यात. ती दर आठवड्याला बारा किलोमीटर जाऊन "अजून आलं नाही" ऐकून परत यायची. माझ्या हातून असं कोणाच्या बाबतीत घडू नये.

ज्यांनी असं काम केलंय किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद – पाझर

ताई, मी उसतोड्याचा मुलगा. तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, फक्त एक लक्षात घ्या. मोठी उचल लग्नाला आणि दवाखान्याला घेतात, पन्नास हजार, लाख. ती तुमच्या पैशाने थांबणार नाही. पण पहिली छोटी उचल थांबली तर माणूस मुकादमाकडे भाद्रपदात जातो, जेष्ठात नाही. तोवर दोन-तीन मुकादम गावात फिरायला लागलेले असतात, भाव विचारता येतो. आमच्या आईने एका वर्षी शेळ्या विकून तेवढं निभावलं होतं, त्या वर्षी आम्ही जवळचा कारखाना धरला आणि माझी शाळा बुडाली नाही. पहिला हप्ता १ जूनलाच द्या. १५ जून म्हणजे उशीर.

प्रतिसाद – ओटीवरचा

मध्य प्रदेशात सेवा या महिला संघटनेने २०११ पासून असाच प्रयोग केला होता, युनिसेफच्या मदतीने. आठ गावांत प्रत्येक माणसाला, गरीब-श्रीमंत न बघता, मोठ्याला २०० आणि लहानाला १०० रुपये महिना; वर्षभराने ३०० आणि १५०. तुलनेसाठी बारा गावं पैसे न देता ठेवली होती. लोकांनी कामं सोडली नाहीत. उलट शेळ्या-कोंबड्या घेतल्या, सावकाराचं कर्ज कमी झालं, पोरांच्या खाण्यात फरक पडला. महत्त्वाचं म्हणजे पैसे कुटुंबप्रमुखाला न देता ज्याचे त्याला दिले होते. तुमच्याकडे सगळ्या गावाला पुरतील एवढे पैसे नाहीत हे कळतं, पण निदान खातं बाईचं असू द्या.

यादीबद्दल आपल्याच राज्याचा अनुभव आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमी मांडली तेव्हा गरीब कोण हे ठरवायची गरजच ठेवली नव्हती. खडी फोडायला जो उन्हात येईल तो गरजू. १९७२ च्या दुष्काळात त्याने गावं जगवली, १९७७ साली कायदा झाला. पण त्यात तुमच्या त्या नऊ घरांतली माणसं बसत नाहीत, कारण त्यांच्याने काम होत नाही. तेव्हा दोन गट वेगळे धरा, नियमही वेगळे ठेवा.

प्रतिसाद – जमाखर्च

वरच्यांशी सहमत. आकडे मांडून दिले आहेत. २९ घरांना चार महिने २,५०० प्रमाणे २ लाख ९० हजार. ९ घरांना बारा महिने १,५०० प्रमाणे १ लाख ६२ हजार. एकूण ४ लाख ५२ हजार. उरले १ लाख ४८ हजार. ते वाटून टाकू नका. बाळंतपण, सर्पदंश, अपघात यासाठी गटामार्फत बिनव्याजी ठेवा, कारण पाझर म्हणतात तशी मोठी उचल तिथूनच सुरू होते.

कमाई मोजून तेवढी वजा करायच्या भानगडीत पडू नका. फ्रान्सने १९८८ मध्ये किमान उत्पन्नाचा कायदा केला होता. त्यात माणसाने कमावलं की काही काळाने तेवढी मदत कापली जायची, म्हणजे काम करून हातात जास्त काही पडत नसे. २००९ मध्ये त्यांना पद्धत बदलावी लागली, कमाईतले शंभरातले ६२ माणसाकडे राहतील अशी. अख्ख्या सरकारी यंत्रणेला जे जड गेलं ते तुम्ही वहीवर करू नका. दर घराला ठरलेली रक्कम द्या. कोणाचं बरं चाललं तरी दोन वर्षं नाव कापायचं नाही, हे ग्रामसभेत आधीच वाचून दाखवा.

आणि निराधारच्या पगाराबद्दल: पैसे देण्याआधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत लेखी विचारा, तोंडी नको. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे ना, तेही बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पोरांशी फोनवर बोलले. दोन गट, ठरलेली रक्कम, खातं बाईचं आणि पहिला हप्ता १ जूनला, एवढं नक्की झालं. ज्यांचा अंगठा लागत नाही अशा चौघी आहेत. त्यांना गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर रोख देऊन रजिस्टरवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, असं ठरवलंय. यादी चावडीवर आठ दिवस लावणार आहे, हरकत असेल त्याने ग्रामसभेत मांडावी.

एकच अडलंय. २९ घरांपैकी तिघांनी या वर्षीची उचल चैतातच घेऊन ठेवली आहे. एकीने तर मला विचारलं, "ताई, तुमचे पैसे मुकादमाला परत देऊन नाव सोडवता येईल का?" मुकादम मुद्दल घेऊन मोकळं करतो की वर व्याज लावतो, हा कोणाचा अनुभव असेल तर लिहा. पाझर दादा, तुमच्या वडिलांना विचाराल का?