मदत हवी आहे: डिसेंबरात केपटाउनच्या केल्पमध्ये डायव्ह करायचीय

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. पोहायला शिकलो शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. पुढे तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचं पहिलं, ओपन वॉटरचं सर्टिफिकेट काढलं. डिसेंबरात मेहुण्याकडे केपटाउनला चाललोय, तिथलं केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल बघायचंच आहे.

अडचण गारठ्याची. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा, तरी अटलांटिकच्या बाजूला पाणी 10-12 अंशांवर येतं म्हणे. आग्नेयेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. दुसऱ्या बाजूचा फॉल्स बे हा उपसागर त्यामानाने उबदार, पण गढूळ. कुठली बाजू धरू? परभणीची थंडी कडाक्याची खरी, पण विहिरीचं पाणी तेव्हा कोमटच, सरावाला उपयोग शून्य.

दुसरं, 7 मिमीचा वेटसूट (डायव्हिंगचा रबरी पोशाख) वर जास्त तरंगतो आणि खाली दाबाने चेपतो. मग खाली जायला शिशाचं वजन किती घ्यायचं? आणि पाठीमागे हवेच्या टाकीच्या व्हॉल्व्हला केल्पचं पान अडकलं तर? आईला फक्त शार्कची काळजी आहे, मला या पानांची.

प्रतिसाद:

दादा, बाजू आधीच ठरवू नका. आग्नेयेचा वारा चांगला वाहून गेला की अटलांटिककडे पाणी गार पण स्वच्छ मिळतं. बुकिंग करताना तिथल्या डायव्ह सेंटरलाच विचारा. सूट भाड्याने घ्या. हूड आणि हातमोजे हवेतच, गारठलेल्या बोटांनी बकलही सुटत नाही. ड्राय सूटच्या (आत पाणी न शिरणाऱ्या सूटच्या) नादी आत्ता लागू नका, त्याचं शिक्षण वेगळं असतं.

वजनाचा आकडा इथून कोणी सांगू नये. टाकी जवळपास रिकामी असताना 5 मीटरवर स्थिर थांबता आलं, की वजन बरोबर. पहिल्या डायव्हला तेवढंच तपासा.

पान अडकलं तर गरकन वळायचं नाही, वळलात की आणखी गुंडाळलं जातं. थांबा, थोडं मागे सरका, बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण करा. बहुतेकदा हाताने सुटतं. तरी छोटा कटर हाताशी असू द्या. वर येताना पानांच्या छतातली फट खालूनच हेरा आणि हवा राखून निघा. त्या पानांतून पृष्ठभागावर पोहणं म्हणजे दमछाक.

आईंना सांगा, तिथे पफॅडर शायशार्क म्हणून एक छोटा शार्क आहे, घाबरला की शेपटीने डोळे झाकून वेटोळं घालतो! पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा शार्क दिवसा कपारीत पडून असतो. टॉर्च न्या, पण हात लावू नका.

आणि डायव्हच्याच दिवशी टेबल माउंटनला जायचा बेत करू नका. ते हजार मीटरच्या वर आहे. डायव्हनंतर लगेच उंचीवर जाणं विमानात बसण्याइतकं नसलं तरी धोक्याचंच. आधी डोंगर उरका, मग समुद्र.