मदत हवी आहे: ट्रक कॅम्पर विकून क्लास सी मोटरहोम घ्यावं का? (सोबत आई-बाबा असणार)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहतो. आमच्याकडे फोर्डचा एफ-३५० डिझेल ट्रक आहे, मागे एकेरी चाकं आणि आठ फुटी हौदा, आणि त्या हौद्यात बसणारा ट्रक कॅम्पर. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: हा ट्रेलरसारखा मागून ओढायचा नसतो. हौद्यात बसवून चारी बाजूंनी टर्नबकलने आवळायचा. घरी आलं की चार कोपऱ्यांतल्या जॅकवर उचलायचा, खालून ट्रक काढून घ्यायचा आणि सोमवारी तोच ट्रक घेऊन कामावर जायचं.

मला हे साधन मनापासून आवडतं. सॅन वान पर्वतातले कच्चे फॉरेस्ट रोड, युटातल्या मोॲबच्या बाहेरची बीएलएमची (सरकारी जमीन खात्याची) मोकळी जमीन जिथे २८ दिवसांत १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो, अशा जागी फोर-व्हील-ड्राइव्हच्या जोरावर घरच सोबत नेता येतं. कुठल्याही साध्या पार्किंगमध्ये गाडी मावते. म्हणूनच निर्णय जड जातोय.

कारण असं, की यंदा उन्हाळ्यात साताऱ्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत आणि यापुढेही येत राहावेत अशी आमची इच्छा आहे. आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. बाबांना रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. कॅम्परमधला मोठा पलंग ट्रकच्या केबिनच्या वर असतो, तिथे आई चढूच शकणार नाही. डिनेटचं (जेवायच्या बाकांमधलं) टेबल खाली करून पलंग केला तर रात्री सगळी वाटच अडते. दाराच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. प्रवासात बाबांना टॉयलेटला जायचं तर आधी ट्रकमधून उतरायचं, मागे चालत जायचं आणि मग त्या पायऱ्या चढायच्या.

दुसरा प्रश्न वजनाचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो पेलोड (ट्रकवर जास्तीत जास्त किती वजन लादता येईल तो आकडा) लिहिलेला असतो, त्यात कॅम्परसोबत केबिनमधली माणसंही धरायची असतात. पाणी, प्रोपेन भरून आम्ही दोघं आणि लेक बसून ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर वजन केलंय. आकडा मर्यादेच्या आत आहे, पण आणखी दोन माणसं आणि त्यांचं सामान मावेल इतकी जागा उरत नाही.

म्हणून २४ ते २६ फुटांचं क्लास सी मोटरहोम बघतोय, म्हणजे व्हॅनच्या चासीवरच बांधलेलं घर, ज्यात ड्रायव्हरच्या केबिनमधून आतूनच मागे जाता येतं. फोर्डच्या ई-४५० चासीवरचं घ्यावं की मर्सिडीजच्या स्प्रिंटरवरचं? ट्रकही विकावा का? आमची एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) मोटरहोम ड्राइव्हवेत ठेवू देत नाही, म्हणजे स्टोरेजचं भाडं आलंच. ज्यांनी हाच बदल केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय मिळालं त्याइतकंच काय गमावलं तेही हवंय.

– डोंगरवाटा

*

वाळवंटी (फिनिक्स):

आम्ही हाच बदल केला आणि आता क्लास सीमध्ये सुखात आहोत, पण वजनाची काळजी मोटरहोममध्ये संपते असं समजू नका. ई-४५० चासीची एकूण मर्यादा १४,५०० पौंड आणि स्प्रिंटर ३५०० ची ११,०३०. यातलं किती वजन कंपनीने बांधलेल्या घरानेच खाल्लंय हे खरं बघायचं. प्रत्येक मोटरहोममध्ये माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील याचं स्टिकर असतं. स्लाइड-आउट (मुक्कामाला भिंतीतून बाहेर सरकवायचे भाग) वाढले की तो आकडा खाली येतो. तुम्ही पाच जण. पाण्याच्या एका गॅलनचं वजन ८.३ पौंड, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. स्प्रिंटरवरच्या काही गाड्यांत एवढ्याने मर्यादा जवळजवळ संपते. पाच जणांसाठी मी तरी ई-४५० च घेईन. विक्रेत्याकडे आधी त्या स्टिकरचा फोटो मागा, मग लाकूडकाम आणि पडदे बघा.

जाहिरातीत ‘सहा जण झोपू शकतात’ असं ठळक लिहितात. तुम्ही सीट बेल्ट मोजा. डिनेटच्या पुढे तोंड असलेल्या सीटवर पूर्ण बेल्ट आहे का ते बघा. आडव्या सोफ्यावर बेल्ट असला तरी तिथे आई-बाबांना बसवू नका. धक्का बसला तर आडवं बसलेल्या माणसाला तो नीट धरत नाही. आणि चालत्या गाडीत कुणीही उठायचं नाही. आपल्या आया वीस मिनिटांत चहा टाकायला उठतात, हे पहिल्याच दिवशी प्रेमाने पण स्पष्ट सांगून ठेवा.

गमावलं काय? कच्चे रस्ते. ट्रक कॅम्पर जिथे सहज जायचा तिथे क्लास सी नेऊच नये. मागच्या चाकांच्या मागे घराचा बराच भाग बाहेर असतो, त्यामुळे नाल्यासारख्या उतारावर शेपूट जमिनीला घासतं. डावीकडे वळताना तेच शेपूट उजवीकडे बाहेर फेकलं जातं, पेट्रोल पंपावर हे फार सांभाळावं लागतं. विकत घेताना पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एकूण लांबीच्या साधारण ५५ टक्के किंवा जास्त आहे का ते मोजा. त्याहून फार कमी असेल तर वाऱ्यात आणि मोठे ट्रक शेजारून जाताना गाडी हलत राहते.

नॅशनल पार्कमधल्या मर्यादाही आधी बघा. ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. बिग बेंडच्या चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २४ फुटांपेक्षा मोठी मोटरहोम आणू नका असं पार्कच सांगतं. तुमच्याकडचा इंडिपेंडन्स पास ३५ फुटांपर्यंत खुला आहे, पण तिथले अरुंद टप्पे बघता २६ फुटांची गाडीही मी नेणार नाही.

म्हणून बरेच जण मागे छोटी गाडी ओढतात. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायला जीप रँगलर चालते. होंडा सीआर-व्ही फक्त २०१४ पर्यंतची. त्यासाठी बेस प्लेट, टो बार आणि मागच्या गाडीचे ब्रेक लावणारी वेगळी यंत्रणा लागते. एकदा जोडली की रिव्हर्स घ्यायचा नाही, आधी सोडवायची.

आणखी एक गोष्ट बरेच दिवस लक्षात येत नाही. ट्रक बिघडला तर कॅम्पर उतरवून दुसऱ्या ट्रकवर चढवता येतो. मोटरहोमचं इंजिन वर्कशॉपमध्ये गेलं की घरही तिथेच जातं.

*

सह्यवेडा (डॅलस):

ट्रक आहे ना? मग फक्त कॅम्पर विका आणि २५ फुटांचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या. तुमच्या एफ-३५० ला तो जाणवणारही नाही. ट्रेलरची जमीन खाली असते, पायऱ्या कमी, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं. कॅम्पग्राउंडवर ट्रेलर सोडून ट्रकने कुठेही फिरा. दुसऱ्या इंजिनची देखभाल नाही, दुसरा ट्रान्समिशन नाही, विमाही स्वस्त.

*

डोंगरवाटा:

वाळवंटी, मनापासून आभार. बेल्ट आणि पलंग वेगळे मोजायचे हे डोक्यातच नव्हतं.

सह्यवेडा, ट्रेलरचा विचार पटतोय, पण बाबांचं काय? ट्रेलरमध्ये प्रवास करता येत नाही, म्हणजे पुन्हा उतरणं आणि चढणं आलं. शिवाय कोलोरॅडोतल्या घाटांचं विचारायचं होतं. आमचं डिझेल इंजिन टर्बोचं आहे. ई-४५० पेट्रोलवर चालते, ती आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत कशी चढते?

*

पाना-पक्कड (ग्रँड रॅपिड्स):

चढते, पण सावकाश. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. अलीकडच्या ई-४५० मध्ये फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-८ येतं, त्याआधी ६.८ लिटरचं व्ही-१० असायचं. दोन्ही दणकट आहेत. चढावर इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर ओरडेल, त्याने काही बिघडत नाही. उजव्या लेनमध्ये राहा. उताराला टो-हॉल मोड (जड वजनासाठीची गिअरची सेटिंग) लावा आणि गिअर आधीच खाली आणा. उतारावर इंजिननेच वेग आवरणारा तुमच्या डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक इथे मिळणार नाही, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलात तर ते तापतात.

जुनी गाडी बघणार असाल तर माझा सगळा भर पाण्यावर आहे. इंजिन दुरुस्त होतं, पाण्याने कुजलेलं घर होत नाही. क्लास सीचं सगळ्यात दुबळं ठिकाण म्हणजे केबिनवरचा पुढे आलेला बंक (झोपायची जागा). तिथली गादी उचला, कोपरे अंगठ्याने दाबा, वास घ्या. बाहेरच्या भिंतीवर सूर्यप्रकाश तिरका पडेल असं उभं राहून बघा. फुगवटा किंवा लाट दिसली तर आत थर सुटलेत. छतावर स्वतः चढा आणि पंखे, अँटेना, कडा यांच्याभोवतीचं सीलंट तडकलंय का बघा. पंधरावीस डॉलरचं ओलावा मोजायचं मीटर मिळतं, ते घेऊन जा.

टायरवर डीओटीचा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभं राहून म्हातारे होतात. सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी नवी दिसली तरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

जनरेटरचे तास बघा. दहा वर्षांच्या गाडीत फारच कमी तास असतील तर तो बंद पडून राहिलाय, ही चांगली खूण नाही. महिन्यातून एकदा अर्ध्या लोडवर तो तासदोन तास चालवायला हवा. तुमच्याकडे थंडी आहे, म्हणजे हिवाळ्याआधी सगळे पाइप रिकामे करून गुलाबी अँटीफ्रीझ भरणं आलं. आधीच्या मालकाने ते दरवर्षी केलं का, हे विचारा आणि पंप चालवून सिंकखाली टॉर्च मारा.

एवढा पैसा घालताय तर मोटरहोम तपासणारा स्वतंत्र माणूस पैसे देऊन आणा. डीलरने सुचवलेला नको.

*

गोदाकाठ (ह्यूस्टन):

ताई, सगळे गाडीबद्दल बोलतायत, मी आई-बाबांबद्दल बोलते. माझे सासू-सासरे आमच्या मोटरहोममधून फिरलेत.

२४-२५ फुटांच्या बऱ्याच क्लास सींमध्ये मागचा पलंग कोपऱ्यात दाबलेला असतो. भिंतीकडच्या माणसाला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. तुमच्या बाबांसाठी हे अजिबात नको. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग किंवा दोन वेगवेगळे पलंग असलेली मांडणी शोधा. तेवढ्यासाठी गाडी दोन-तीन फूट लांब झाली तरी चालेल. स्लाइड आत घेतलेली असताना टॉयलेटपर्यंत पोचता येतं का, हे उभं राहून तपासा. काही गाड्यांत येत नाही, आणि तुम्हाला रस्त्यात नेमकं तेच लागणार आहे. टॉयलेटशेजारी आणि दाराशी धरायला दांडा हवा. नसेल तर बसवून घेता येतो, पण तो आतल्या चौकटीत स्क्रू जाईल अशा जागी.

चालत्या गाडीत बाबांना उठता येणार नाही हे वाळवंटींनी सांगितलंच आहे. म्हणजे मोटरहोममध्येही गाडी थांबवावी लागणारच, फक्त पावसात-थंडीत बाहेर उतरावं लागत नाही. हा फरक आमच्या घरी फार मोठा ठरला. सासरे ‘माझ्यामुळे थांबू नका’ म्हणत पाणीच प्यायचे नाहीत, ते मोटरहोममध्ये बंद झालं. त्यामुळे ट्रेलरपेक्षा माझं मत मोटरहोमला.

पण ते येण्याआधी विकत घेऊ नका. क्रूझ अमेरिकाकडे २५ आणि ३० फुटांचे क्लास सी भाड्याने मिळतात. उन्हाळ्यात गाड्या संपतात, आत्ताच बुक करा. एक आठवडा त्यात काढा. आईंना पायरी किती उंच वाटते, रात्री बाबा किती वेळा धडपडतात, हे तिथेच कळेल, शोरूममध्ये नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना उंचावर नेऊ नका. साताऱ्याहून थेट फोर्ट कॉलिन्स म्हणजे आधीच पाच हजार फूट. तुमच्या सॅन वान पर्वतातलं सिल्व्हर्टन ९,३१८ फुटांवर आहे, तिथे रात्री झोपायला नेण्याआधी त्यांना महिनाभर खाली राहू दे आणि बाबांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

*

सह्यवेडा (डॅलस):

गोदाकाठ, बाबांच्या पाणी न पिण्याचा मुद्दा मान्य. ट्रेलरचा आग्रह मागे घेतो. पण डोंगरवाटा, ट्रक मात्र विकू नका. मोटरहोम घेतल्यावरही रोजच्या वापराला तोच राहू द्या.

*

डोंगरवाटा:

सगळ्यांचे खूप खूप आभार. घरी बसून सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले.

असं ठरवलंय: कॅम्पर अजून विकायचा नाही. आई-बाबा आल्यावर तीन आठवड्यांनी २५ फुटांची गाडी भाड्याने घेऊन साउथ डकोटाला ब्लॅक हिल्स आणि बॅडलँड्सकडे जायचं. तिथल्या बहुतेक गावांची उंची साधारण आमच्या घराइतकीच किंवा कमी आहे आणि मोठे घाटही नाहीत. नीडल्स हायवेचे बोगदे मोटरहोमला अरुंद आहेत, तो रस्ता वगळणार. तो आठवडा नीट गेला तर शरद ऋतूत, भाव जरा उतरल्यावर, ई-४५० वरची जुनी गाडी शोधायची. पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा असला पाहिजे ही पहिली अट. ट्रक राहणार. पाना-पक्कड, छतावर मी स्वतः चढणार आहे.

गोदाकाठ, एकच विचारायचंय. भाड्याच्या गाडीत भांडी मिळतात म्हणे, ती पुरतील का? आई प्रेशर कुकरशिवाय डाळ लावणार नाही.

*

गोदाकाठ (ह्यूस्टन):

घरचीच न्या. कुकर तीन लिटरचा घ्या, पाच लिटरचा त्या शेगडीवर शेजारचे बर्नर अडवतो. इंडक्शन फक्त कॅम्पग्राउंडची वीज जोडलेली असताना किंवा जनरेटर चालू असताना चालेल, एरवी प्रोपेनच. आईंना एवढं सांगा की गॅस पेटवायच्या आधी छतावरचा पंखा चालू करायचा आणि एक खिडकी उघडायची, नाहीतर पहिल्या फोडणीलाच स्मोक अलार्म वाजतो. मसाल्याचा डबा आणि वाट्या कपाटात ठेवताना मध्ये नॅपकिन भरा, गाडी सुटली की सगळं खडखडतं.