पाखाडीखालचे घर आणि मांडीचे हाड मोडलेले यजमान

प्रश्न (देवगड तालुका)

नमस्कार. माझे यजमान ४७ वर्षांचे आहेत. एप्रिलच्या अखेरीस आंबे उतरवताना फांदी मोडली आणि ते कलमावरून खालच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) पडले. उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. गगनबावड्याचा घाट चढून त्यांना कोल्हापूरला नेले, तेथे शस्त्रक्रिया करून हाडात रॉड घातला. परवा घरी सोडणार आहेत.

आमचे घर रस्त्यापासून साठ पायऱ्यांच्या पाखाडीखाली आहे, न्हाणीघर मागीलदारी आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे. भाताने जखमेत पू होतो असे सासूबाई म्हणतात, तर पोटरीला रोज तेल चोळा म्हणजे पाय लवकर मोकळा होईल असे शेजारी सांगतात. या सगळ्यातून वाट काढता येईल. पण आजवर बागेचा प्रत्येक निर्णय स्वतः घेणारा हा माणूस आता ‘हो’ आणि ‘नको’ याखेरीज बोलत नाही आणि मी शौचाचे भांडे घेऊन जवळ गेले की भिंतीकडे तोंड करतो, हे मला पाहवत नाही. मी कसे वागावे?

उत्तर १ (सेवानिवृत्त परिचारिका, कणकवली)

ताई, आधी तेलाचे सांगते, कारण त्यात धोका आहे. मांडीचे हाड मोडून माणूस अंथरुणावर राहिला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून पोटरी कोणालाही चोळू देऊ नका. गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शने किंवा गोळ्या लिहून दिल्या असतील, तर त्यांचा एकही दिवस चुकवू नका. पाऊल वर-खाली हलवण्याचा व्यायाम ते जागे असताना दर तासाला करून घ्या. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

भाताने पू होत नाही. जखम भरायला आणि हाड जुळायला प्रथिने लागतात, तेव्हा पेज, कुळथाची पिठी, अंडी, बांगडा, जे त्यांना रुचेल ते द्या. वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो, त्यामुळे पाणी आणि भाजी भरपूर हवी. तंबाखू किंवा विडीची सवय असेल तर ती सोडण्याची हीच वेळ आहे, कारण तिने हाड जुळायला उशीर लागतो.

निघण्यापूर्वी त्या पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन ठिकाणी मोडलेल्या हाडाबाबत हे डॉक्टरांनीच सांगायला हवे. हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, कधी त्याहून अधिक.

उत्तर २ (मालवण)

होडी ओढताना माझा पाय मोडला होता आणि मी चार महिने पडवीत खाटेवर होतो, म्हणून तुमच्या यजमानांच्या बाजूने लिहितो. वेदनेपेक्षा मला अधिक लागले ते हे, की घरातले सगळे माझ्याविषयी बोलत, माझ्याशी नाही. जाळी कोणाला द्यायची, पैसे कोणाकडून आणायचे, हे मला त्रास नको म्हणून आतल्या खोलीत ठरत असे. ते प्रेमापोटी होते हे मला कळत होते, तरीही आपण आता घरचे कोणी उरलो नाही असे वाटे. एके दिवशी पत्नीने हिशेबाची वही माझ्या उशाशी आणून ठेवली आणि म्हणाली, “मला हे जमत नाही, तुम्ही बघा.” तिला ते उत्तम जमत होते. मी आजही त्याबद्दल तिचा ऋणी आहे.

भांड्याचे म्हणाल, तर डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली की कमोडची खुर्ची भाड्याने आणा, पडदा लावा, त्यांना टेकवून बाहेर थांबा आणि हाक आल्यावरच आत जा. रात्रीची पाळी भावाला किंवा दिराला द्या. माझी पत्नी सलग जागून आजारी पडली, तेव्हा त्या अपराधाचे ओझे मला पायापेक्षा जड झाले.

उत्तर ३ (गुहागर)

आम्ही सासऱ्यांना भक्कम खुर्चीला बांबू बांधून चौघांनी पाखाडीवरून उतरवले होते. दुखरा पाय फळीवर उशी ठेवून सरळ ठेवला होता. पुढे कुबड्यांवर पायऱ्या सुरू होतील तेव्हा चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे घरातल्या सर्वांना पाठ असू द्या. पावसात जांभ्यावर शेवाळ धरते, त्यामुळे त्या दिवसांत पाखाडी टाळावी आणि फेरतपासणीला पुन्हा खुर्चीच वापरावी. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर पुढील तपासण्यांविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना निघण्यापूर्वीच विचारा.

प्रश्नकर्तीकडून

काकी, दादा, ताई, आपले मनापासून आभार. तेल बंद केले आहे आणि सासूबाईंना मी फोनवरून काकींचे उत्तर वाचून दाखवले. काल रात्री यजमानांना घरी कसे न्यायचे, हे मी त्यांनाच विचारले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले की पायऱ्या साठ नाहीत, चौसष्ट आहेत, आणि वळणावरचा एक दगड हलतो, तो आधी बसवून घ्यायला सांग. दीर उद्या सकाळी तो बसवणार आहेत.